राव अप्पांना लागणारी जागा

तंजावूर,
९ जून २०२५

श्रीकर अण्णा,

नमस्कार. मी वरलक्ष्मी, तंजावूरच्या सत्यनारायण रावांची मुलगी. कुंभकोणमच्या लग्नात आपण पंगतीला शेजारी बसलों होतों. लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतों, काही अडलं तर लिही, पण मराठीत लिही, असं तुम्ही म्हणालां होतां. आता अडलंय, म्हणून लिहितें. चुका दिसतील. देवनागरी मला अप्पांनी शिकवली, पण घरी आमचं अस्के बोलण्यापुरतंच. लिहिणं कुठे होतं?

माझा लॅपटॉप गेमिंगचा आहे. एसएसडी ५१२ जीबीची. ती पार भरली आहे. रोज काहीतरी पुसावं लागतं. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला म्हणून अप्पा म्हणतात, नवी डिस्क मी घेऊन देतों. कुठली घेऊं? तिरुचीच्या दुकानात इतक्या आहेत की डोकं फिरलं.

अम्मा-अप्पा बरे आहेत. अप्पा अजून रोज ओरत्तनाडूच्या ऑफिसला बसने जातात.

वरलक्ष्मी


पुणे,
१२ जून २०२५

प्रिय वरलक्ष्मी,

तुझं पत्र आईला मोठ्यांदा वाचून दाखवलं. "अस्के", म्हणजे सगळं, हा शब्द ऐकला आणि ती म्हणाली, तुझे आजोबा असंच म्हणायचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी पुण्याला आले आणि आमच्याकडे ते मराठी त्यांच्याबरोबरच संपलं.

आता कामाचं. मॉडेलचा नंबर लॅपटॉपच्या पोटावर असतो, तो पाठव. तुझ्या लॅपटॉपात बहुतेक दुसरी एक खाच रिकामी असेल. तसं असेल तर जुनी डिस्क काढायची गरजच नाही, नवी शेजारी बसेल.

डिस्क एम.टू २२८० या मापाची आणि एनव्हीएमई या वेगवान जातीची घ्यायची, इतकं नक्की. त्याच मापाची जुन्या, हळू जातीची साटा डिस्कही मिळते, दिसायला सारखीच, ती चुकून घेऊ नकोस. खरा प्रश्न पुढे आहे. स्वस्त डिस्क क्यूएलसी असतात. तिथे एकेका पेशीत जास्त माहिती कोंबलेली असते. वाचायला त्या उत्तम. लिहायला सुरुवातीला चपळ, पण एका दमात खूप लिहिलं की धापा टाकतात. टीएलसी महाग, पण लिहिण्यात दमदार. गेम एकदा उतरवला की डिस्क तो नुसता वाचत असते, त्याला क्यूएलसी पुरते. पण तू स्क्रीनचं रेकॉर्डिंग, व्हिडिओ वगैरे करत असशील तर टीएलसीच हवी.

तेव्हा मला नीट सांग, तुला ही जागा कशासाठी हवी आहे? उत्तरावर निवड ठरेल.

तुझा,
श्रीकर


तंजावूर,
१५ जून २०२५

श्रीकर अण्णा,

मॉडेलचा नंबर खाली लिहिला आहे. मागचं झाकण उघडून पाहिलं, दुसरी खाच रिकामी आहे. अप्पांनी टॉर्च धरला. आत इतकं स्वच्छ असतं हे पाहून त्यांना नवल वाटलं.

जागा फक्त गेमसाठी. दुसरं काही नाही.

वरलक्ष्मी


पुणे,
१७ जून २०२५

प्रिय वरलक्ष्मी,

मग काम सोपं झालं. एक टीबीची क्यूएलसी घे. नावं खाली देतो आहे, तिन्हींतली कुठलीही चालेल. काकांना उगाच महागातली घ्यायला लावू नकोस.

बसवण्याआधी बंद करून बॅटरीची पिन काढ. डिस्क तिरकी सरकव, मग दाब आणि स्क्रू लाव. स्क्रू फार आवळू नकोस.

श्रीकर


तंजावूर,
१ जुलै २०२५

चि. श्रीकर यास सत्यनारायणाचे अनेक आशीर्वाद.

हें पत्र टपालानें पाठवितों, कारण मजला तें ईमेल नीटसें जमत नाहीं. तुम्ही सांगितलेली डिस्क मुलीनें स्वतःच्या हातानें बसविली. इतकी लहान वस्तु, च्युइंग गमच्या पट्टीएवढी. तींत अस्के मावतें म्हणे. मी तिरुचीच्या दुकानदाराला तुमचें नांव सांगितलें, आमचा पुण्याचा मुलगा यांतला जाणता आहे म्हणून.

आणखी एक गोष्ट कळवितों, तुम्हांस आनंद होईल. आमच्या ऑफिसांत हल्ली तरुण पोरें मराठी बोलूं लागलीं आहेत! मी आलों कीं सुब्रमण्यम म्हणून एक क्लार्क आहे, तो उभा राहून म्हणतो, "कसाला पळतांस, राजा? जेवलास का?" मग सगळे हंसतात. मीही हंसतों. इतकीं वर्षें मी त्या ऑफिसांत आहें, माझी घरची भाषा कुठली हें कोणी विचारलें नव्हतें. आतां त्यांना कुठून गोडी लागली कोण जाणे. मी त्यांना रोज एक नवा शब्द सांगतों. ते लिहूनही घेतात.

तुमच्या आईस नमस्कार सांगणें.

सत्यनारायण राव


तंजावूर,
१४ जुलै २०२५

श्रीकर अण्णा,

रागावूं नका, पण तुम्ही सांगितलेली डिस्क बरी नाही. पहिले काही दिवस वाऱ्यासारखी होती. आता मध्येच अडकते. स्क्रीन गोठते, आवाज तुटतो, डिस्क शंभर टक्के कामात असं दाखवतं. आणि आत्ताच तीही भरत आली. माझं एक महत्त्वाचं काम तिच्यामुळे वाया गेलं. पुढच्या महिन्यात मला तिची फार गरज आहे. दुकानदार बदलून देईल का? अप्पांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटेल त्यांनीच चुकीची आणली.

वरलक्ष्मी


पुणे,
१९ जुलै २०२५

प्रिय वरलक्ष्मी,

हे पत्र मी दोनदा लिहून खोडलं.

डिस्कमध्ये दोष नाही. गेम खेळून क्यूएलसी अशी गुदमरत नाही आणि इतक्या लवकर भरतही नाही. कुणीतरी तिच्यावर तासन्‌तास, भरपूर, न थांबता लिहितंय. हे मोठ्या व्हिडिओंचं लक्षण आहे. मी तुला सरळ विचारलं होतं. तू "दुसरं काही नाही" म्हणालीस.

आता मला जे माहीत झालं ते सांगतो. मे महिन्यात आमच्या ऑफिसातल्या मणीने मला एक व्हिडिओ दाखवला. मणी मदुराईचा. "तुमची भाषा आहे, बघ," म्हणाला. लढाईचा गेम चाललेला, गोळ्या सुटतायत, आणि एक म्हातारा शिपाई शत्रूच्या पाठीमागे धावत विचारतो, "कसाला पळतांस, राजा? जेवलास का?" त्याचं नाव राव अप्पा. चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. आम्ही इतके हसलो की डबे तसेच राहिले. मी तो व्हिडिओ आणखी चौघांना पाठवला.

मग काकांचं पत्र आलं. त्यात तेच वाक्य होतं. ऑफिसातली पोरं ते म्हणतात आणि काका समजतात की त्यांना मराठीची गोडी लागली. पत्र वाचून मी तो व्हिडिओ पुन्हा काढला आणि या वेळी नीट ऐकला. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसून ज्या मुलीने अख्ख्या लग्नाच्या नकला केल्या होत्या तिचा आवाज मी ओळखायला हवा होता. बोलणं मात्र लग्नात ऐकलेलं काकांचं आहे. थांबत थांबत, घसा साफ करत, अगदी तसंच.

काकांचं पत्र सोबत फोटो काढून पाठवतो आहे. तू वाचावंस असं मला वाटतं.

श्रीकर


तंजावूर,
२८ जुलै २०२५

श्रीकर अण्णा,

अप्पांचं पत्र वाचलं. "ते लिहूनही घेतात" इथे आलें आणि पुढे वाचवेना.

होय, राव अप्पा मीच. सुरुवात अशी झाली की खेळताना एकदा हरलें आणि सहज अप्पांसारखी बोललें. बरोबर खेळणाऱ्या मुली लोळून हसल्या. मग एक व्हिडिओ टाकला. तमिळ लोकांना ते बोलणं अर्धं कळतं, अर्धं कळत नाही, म्हणूनच त्यांना मजा येते. रोज लोक वाढत गेले. आमच्या घराबाहेर कोणाला ऐकूं न येणारी भाषा हजारो लोक म्हणायला लागले, म्हणून मला अभिमानसुद्धा वाटला, खोटं कसाला बोलूं? अप्पांना त्रास व्हावा असं मनात नव्हतं. पण अप्पांपासून लपवलं, म्हणजे मनात कुठेतरी ठाऊक होतंच ना?

लाज कशाची वाटते ते सांगतें. जेवताना अप्पा काही बोलायला लागले की मी ऐकत नसें, टिपत असें. हे वाक्य चालेल, हे नाही चालणार. त्यांना वाटायचं, मुलगी किती मन लावून ऐकते.

तिरुचीला एका कॉलेजच्या मुलांनी गेमिंगचा मेळावा ठेवला आहे, १४ ऑगस्टला. राव अप्पा पहिल्यांदाच लोकांसमोर येणार असं त्यांनी जाहीर करून टाकलं आहे. शब्द दिला आहे. तेवढा झाला की सगळं बंद करतें आणि अप्पांना सांगतें. तोपर्यंत तुम्ही काही बोलूं नका, पाया पडतें.

वरलक्ष्मी


पुणे,
३० जुलै २०२५

प्रिय वरलक्ष्मी,

मी बोलणार नाही. ते मी बोलायचं नाहीच.

पण नंतर नको, आधी सांग. आजच्या जेवणाला सांग. ते ऐकून घेतील, रागावतील, कदाचित हसतीलही. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर यांतलं काहीच होणार नाही.

मीही हसणाऱ्यांतलाच आहे, त्यामुळे तुला उपदेश करताना मला माझीच शरम वाटते आहे. तरी लिहितो आहे.

श्रीकर


तंजावूर,
२४ ऑगस्ट २०२५

श्रीकर अण्णा,

सांगितलं नाही. रोज पान वाढलं की ठरवायचें आणि ताक-भातापर्यंत धीर संपायचा.

मेळाव्याचं मी घरी म्हणालें होतें की मैत्रिणीकडे जातें. सभागृह गच्च भरलेलं. स्टेजवर माझा लॅपटॉप, मागे मोठा पडदा. मी हेडफोन लावून बसलें आणि समोर पाहिलं. दुसऱ्या रांगेत अप्पा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. शेजारी सुब्रमण्यम.

नंतर कळलं ते असं. सुब्रमण्यमनेच त्यांना बोलावलं होतं. "सर, तुमच्या भाषेत बोलणारा एक माणूस तिरुचीला येतोय, चला." राव अप्पा कोण हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि अप्पा माझ्यासाठी आलेच नव्हते. स्टेजवर कोणीतरी आमचं मराठी बोलणार, ते ऐकायला अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते.

मला पाहून ते इतके खूष झाले, अण्णा. सुब्रमण्यमच्या दंडाला धरून माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं मी नुसती खेळायला आलें आहें, तो माणूस मागून येणार. हात हलवला मला.

तेव्हा उठायला हवं होतं. पोट दुखतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. सभागृह ओरडत होतं, "राव अप्पा, राव अप्पा!" मी सुरू केलं.

पहिल्या वाक्याला अप्पाही हसले. सगळ्यांबरोबर. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे माझ्यावर आले. लोक नवीन काहीतरी मागत होते, जुनं त्यांना पाठ होतं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं, तेवढं तरी खरं माना. अप्पा नोकरीला लागले त्या पहिल्या महिन्यात कलेक्टर तपासणीला आले होते. त्यांनी काहीतरी विचारलं आणि भीतीने अप्पांच्या तोंडून तमिळच्या ऐवजी मराठी निघालं. अख्खं ऑफिस हसलं. अप्पा मागच्या व्हरांड्यात जाऊन रडले होते. हे त्यांनी अम्मालासुद्धा सांगितलेलं नाही. बारावीत मी एकदा नापास झालें तेव्हा मला एकटीला सांगितलं होतं, मला धीर यावा म्हणून.

ते मी राव अप्पांच्या तोंडी घातलं. व्हरांड्यासकट. सभागृह दणाणलं हसून. सुब्रमण्यम हसता हसता अप्पांकडे वळला आणि थांबला.

परत येताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. बस सुटल्यावर तमिळमध्ये म्हणाले, "खिडकी लाव, वारा लागेल." मी मराठीत म्हटलं, "अप्पा, चुकलें." ते तमिळमध्ये म्हणाले, "तिकीट जपून ठेव, चेकर येईल."

तेव्हापासून ते माझ्याशी मराठी बोलत नाहीत. ऑफिसातलं शुद्ध तमिळ बोलतात. रागाने नाही, अगदी सभ्यपणे, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं. अम्माशीही माझ्यासमोर तमिळच. अम्मा विचारते, काय झालं? ते म्हणतात, काही नाही.

व्हिडिओ अस्के काढून टाकले. पण लोकांनी उतरवून घेतलेले फिरतातच. ते माझ्या हातांत नाहीत.

वरलक्ष्मी


पुणे,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय वरलक्ष्मी,

काकांना मी पत्र लिहिलं होतं. मीही तो व्हिडिओ पाहून हसलो होतो आणि इतरांना पाठवला होता, हे कबूल केलं, माफी मागितली. काल उत्तर आलं. दोन ओळी, इंग्रजीत, ऑफिसच्या कागदावर लिहितात तसं: पत्र मिळालं, मनाला लावून घेऊ नये, आईस नमस्कार. जुलैतलं पत्र काढून शेजारी ठेवलं आणि दोन्ही बघत बसलो.

काय करावं ते मला सुचत नाही. लॅपटॉपचं विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

श्रीकर


तंजावूर,
१२ ऑक्टोबर २०२५

श्रीकर अण्णा,

मध्ये मी आणखी एक चूक केली, ती आधी सांगतें.

मला वाटलं, ज्या लोकांत अप्पांचं हसं झालं तिथेच जाऊन सांगावं. म्हणून ओरत्तनाडूला त्यांच्या ऑफिसात गेलें. सगळ्या टेबलांच्या मध्ये उभी राहून तमिळमध्ये म्हटलं, "राव अप्पा मी आहे. ही माझ्या वडिलांची नक्कल होती. त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही त्यांना हसूं नका." बोलताना रडूं आलं. एक बाई उठून मला पाणी द्यायला आली. सुब्रमण्यम मान खाली घालून बसला होता.

अप्पा आतल्या खोलीतून बाहेर आले. मला बाहेर झाडाखाली नेलं. तिथे म्हणाले, तमिळमध्येच, "आत्तापर्यंत हे सुब्रमण्यमला माहीत होतं आणि मला. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांना कळलं." मी म्हटलं, "मी माफी मागायला आलें होतें." ते म्हणाले, "माझी मागितलीस का? तू त्यांच्यासमोर बोललीस. तुला बरं वाटलं असेल." मग माझ्यासाठी बस थांबवली आणि कंडक्टरला सांगितलं, मुलीला पुढची सीट द्या.

बसमध्ये मला कळलं की मी पुन्हा स्टेजवरच चढलें होतें. माणसं जमवली, अप्पांची गोष्ट सांगितली, या वेळी लोकांना रडवायचं होतं एवढाच फरक.

त्यानंतर काही केलं नाही. कॉलेजला जातें, येतें. डिस्क मोकळी केली. तुम्ही विचाराल म्हणून सांगतें, आता ती मुळीच अडकत नाही. मैत्रिणीबरोबर गेम खेळतें, माझ्या आवाजात. फार कोणी हसत नाही.

आता कालचं.

पापनाशमहून ताराबाई आत्या आल्या. अप्पांच्या आत्या. नव्वदीला आल्या आहेत. तमिळ बाजारापुरतं येतं, बाकी अस्के मराठीच. अम्मा देवळात गेली होती. अप्पा आत्यांना घेऊन पुढच्या खोलीत बसले आणि मी कॉफी करायला आत गेलें.

कॉफी घेऊन आलें आणि दाराशी थांबलें. आत अप्पा मराठी बोलत होते.

किती दिवसांनी ऐकलं, अण्णा. थांबत थांबत, घसा साफ करत. पापनाशमच्या शेताला पाणी आलं का, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, साधंच. एका ठिकाणी ते हसलेसुद्धा. मला आत जायचं होतं. पण मी गेलें की ते तमिळ बोलूं लागणार हे ठाऊक होतं. म्हणून तशीच उभी राहिलें. या वेळी खरंच नुसती ऐकत होतें. एक शब्द टिपला नाही. कॉफी निवून गेली, वर साय धरली.

आत्यांनी विचारलं, "पोर कुठें गेली? कॉफी आणतें म्हणाली होती."

अप्पा त्याच आवाजात, मराठीत म्हणाले, "दाराआड उभी आहे. मला बोलूं देते आहे."

आणि पुढे शेताचं बोलूं लागले. आवाज कमी केला नाही.

वरलक्ष्मी